घोटभर पाणी

केनवडला रस्त्यालगतच्या एका मेडिकलच्या काउंटरवर तुम्ही उभे आहात. मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेलाय, आणि रिसोडकडून आलेल्या मोटारसायकलींच्या चाकांना काळी माती लडबडलीय. तुमच्या पुढे एक आजोबा आहेत. धोतराला कमरेपर्यंत चिखल, डोक्याला रुमाल, आवाज बसलेला.

"भाऊ, ते सहाशे पंचवीस दे."

"किती देऊ बाबा?"

"चार गोया दे. लागल्या तं अजून नेतो."

दुकानदार कात्रीने पत्ता कापतो, आजोबा चार गोळ्या खिशात टाकून निघून जातात. कापलेल्या पत्त्याचा उरलेला तुकडा काचेवर पडलेला आहे. उचला, मागची बाजू वाचा. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, क्लॅव्ह्युलनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम. बेरीज ६२५. वऱ्हाडात काय, अख्ख्या महाराष्ट्रात हे औषध नावापेक्षा आकड्यानेच ओळखलं जातं. पण ते ५०० जंतूंना मारतात, मग १२५ काय करतात, हे विचारा कोणालाही. 'पावर वाढवायला' असं उत्तर मिळेल, आणि ते अगदीच खोटं नाही. क्लॅव्ह्युलनिक ॲसिड स्वतः जंतूंना फारसं मारत नाही. त्याचं वैर जंतूच्या एका एन्झाइमशी आहे. हा बीटा-लॅक्टमेज नावाचा एन्झाइम कुठून आला ते पाहायचं, तर दुकानाच्या पायऱ्या उतरा आणि थेट खाली चला.

आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. वर्षं उलटी धावताहेत. शेजारी लोणारला उल्का कोसळते, तीही वाटेतच लागेल; बघत थांबू नका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा पाषाण तापलेल्या लाव्ह्याच्या रूपात पसरतोय, आणि वाशीम, अकोला, बुलढाणा सगळं एकाच आगीखाली आहे. इथे केनवडची जमीन संपली. तुम्हाला मात्र अजून पुष्कळ मागे जायचंय, याच्या तीसपट मागे. दोनशे कोटी वर्षं.

उभं राहायला जमीन आहे, पण हिरवं काही नाही. झाड नाही, किडा नाही, हवेत तुमच्या फुफ्फुसाला पुरेल इतका प्राणवायूही नाही. उथळ पाण्यात एक बुळबुळीत थर साचलाय आणि जग म्हणायचं ते तेवढंच. त्या थरात शिरा. आता तुम्ही इतके बारीक झालात की एक जिवाणू तुमच्यासमोर वाड्याएवढा उभा आहे.

त्याची भिंत जवळून बघा. साखरेच्या लांब साखळ्या, आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे. आत दाब एवढा की ही जाळी जरा कच्ची राहिली तर जिवाणू फुगून फुटेल. म्हणून भिंतीवर एन्झाइमांची ये-जा सतत चालू आहे. ते दुव्याचं शेपूट पकडतात, शेवटचा अमिनो आम्लाचा मणी तोडतात आणि राहिलेलं टोक शेजारच्या साखळीला जोडतात. त्या शेपटात ॲलनिनचे दोन मणी असतात. एन्झाइम शेपूट पकडतो ते सेरीन या अमिनो आम्लाने.

आता पाण्यातून एक परका रेणू येतो. शेजारच्या कुठल्याशा सूक्ष्मजीवाने स्वतःची जागा राखायला सोडलेलं विष. त्याच्या मधोमध चार अणूंचं कडं आहे, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. चार अणू एका कड्यात बसवायचे तर बंध चांगलेच वाकवावे लागतात, त्यामुळे ते कडं कायम ताणात असतं, तुटायला टेकलेलं. हेच बीटा-लॅक्टम. आकार त्या ॲलनिनच्या शेपटासारखाच. डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी हे साम्य १९६५ मध्ये दाखवून दिलं. इथे तुम्ही ते उघड्या डोळ्यांनी बघताय. भिंतीचा एन्झाइम फसतो. शेपूट समजून सेरीनने कडं धरतो, कडं ताडकन उघडतं आणि रेणू तिथेच चिकटून बसतो. सुटतच नाही. घाईत गिळलेला भाकरीचा कोरडा घास घशात अडकावा तसा. एन्झाइमाचं काम बंद, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. भिंतीला भोकं पडतात आणि तुमच्यासमोरचा वाडा फुटतो.

शेजारचा जिवाणू मात्र धडधाकट आहे. त्याच्याकडेही तशाच घडणीचा एक एन्झाइम आहे. भिंत बांधणाऱ्यांचाच भाऊबंद, तेच सेरीन, तीच घडी. फरक इतकाच की सेरीनच्या शेजारी एक ग्लुटामेट बसलंय, आणि त्याने पाण्याचा एक रेणू नेमक्या जागी धरून ठेवलाय. रेणू येतो, सेरीन धरतं, कडं उघडतं, घास अडकतो. तेवढ्यात पाण्याचा तो रेणू जोडावर आदळतो आणि घास खाली उतरतो. कडं मोडलेला निकामी रेणू बाहेर पडतो आणि एन्झाइम पुढच्यासाठी मोकळा. सगळी करामत एका घोटाची. या घराण्यातला चपळ एन्झाइम पेनिसिलिनचे हजाराहून जास्त रेणू एका सेकंदात असे मोडतो.

दोनशे कोटी वर्षांपूर्वी हे घडलं, याचा साक्षीदार अर्थातच नाही. आजच्या एन्झाइमांच्या घडणीतले फरक मोजत मागे गेलं की ही घराणी किती जुनी ते कळतं. तसा हिशोब २००४ मध्ये बॅरी हॉल आणि मिरियम बार्लो यांनी मांडला, आणि तो दोनशे कोटींच्या पलीकडे गेला. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी हरकत नाही. 'आपण औषधं वापरली म्हणून जंतू हे शिकले' हे वाक्य आपण सगळेच बिनदिक्कत बोलतो. शिकले नाहीत हो. त्यांना येत होतं. फक्त ते येणारे थोडे होते, आणि त्यांना भाव नव्हता.

वर येताना कॅनडाच्या युकॉनमध्ये डोकवा. तीस हजार वर्षांपूर्वीची गोठलेली जमीन आहे, वर मॅमथ फिरताहेत. २०११ मध्ये शास्त्रज्ञ या थरातला डीएनए काढून वाचणार आहेत आणि त्यात बीटा-लॅक्टम मोडणारी जनुकं त्यांना सापडणार आहेत. तेव्हा जगात कुठे शेतीही नव्हती. पुढे चला.

ऑक्सफर्ड, डिसेंबर १९४०. रात्री दिवे झाकलेले, बॉम्बची धास्ती. विल्यम डन इमारतीच्या प्रयोगशाळेत अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी ई. कोलाय जिवाणू चिरडून त्यांचा अर्क काढलाय. पेनिसिलिनच्या द्रावणात तो अर्क घातला की पेनिसिलिनचा असर नाहीसा होतो. दोघांच्या चेहऱ्यावर नैराश्य नाही, कुतूहल आहे. त्यांनी त्या एन्झाइमला पेनिसिलिनेज म्हटलं आणि तसं टिपण 'नेचर'ला धाडलं. ते २८ डिसेंबरला छापूनही आलं. आता तारखांकडे लक्ष द्या. ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनने उपचार सुरू झालेला पहिला रुग्ण, चेहऱ्यावर जखम चिघळलेला एक पोलीस शिपाई, त्याला पहिलं इंजेक्शन मिळालं १२ फेब्रुवारी १९४१ रोजी. ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णाच्या अंगात औषध जाण्याआधीच त्याचा पाडाव करणाऱ्याचं नाव छापून झालं होतं! तो शिपाई सुधारत होता. साठा संपला, त्याच्या लघवीतून औषध परत काढून टोचलं, तेही पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला.

आता पुण्याला या. फेब्रुवारी १९४४, आगाखान पॅलेस. फाटकावर पहारा, आवारात दीड वर्षापूर्वी गेलेल्या महादेवभाईंची, गांधीजींच्या सचिवांची, समाधी. आतल्या खोलीत कस्तुरबा अंथरुणाला खिळल्यात, श्वास लागतोय, न्यूमोनियाने छाती भरलीय. मुलगा देवदास यांनी धडपड करून कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलंय. त्या काळात ते सोन्याच्या मोलाचं. बहुतेक सगळं युद्धावर जायचं. तुम्ही दाराशी उभे राहून ऐकताय. डॉक्टर तयार आहेत. गांधीजी विचारतात, औषध द्यायचं कसं? दर काही तासांनी इंजेक्शन, हे कळल्यावर ते नको म्हणतात. आता तिला सुया टोचून त्रास कशाला, असं त्यांचं मत. बाप-लेकात बोलणं होतं, देवदास रडवेले होतात आणि शेवटी बाटली तशीच राहते. २२ तारखेच्या संध्याकाळी बा जातात.

या प्रसंगावर लोक आजही हिरिरीने भांडतात. मला त्या भांडणात शिरायचं नाही. फुफ्फुस आणि हृदय दोन्ही इतकं थकल्यावर पेनिसिलिनने काय साधलं असतं, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. मला दिसते ती बाटली. त्या वर्षी जगातल्या बहुतेक जंतूंनी हे औषध पाहिलेलंही नव्हतं. त्या बाटलीतलं औषध जितकं धारदार होतं, तितकं पुन्हा कधीच असणार नव्हतं.

किती लवकर बोथट झालं, ते बघायला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात दोन मिनिटं थांबा. मेरी बार्बर वॉर्डातले स्टॅफिलोकॉकस जंतू तपासतायत. पेनिसिलिनला दाद न देणारे १९४६ मध्ये १४ टक्के, पुढच्या वर्षी ३८, १९४८ मध्ये ५९. जंतू बदलले नव्हते. पेनिसिलिनेज असलेले उरले आणि नर्स-डॉक्टरांच्या हातांवरून खाटेखाटेला पोचले. मधल्या काळात, १९४५ च्या डिसेंबरात, स्टॉकहोमला नोबेल घेताना पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी बजावून ठेवलंच होतं की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेणारा माणूस जंतूंना तयार करतो. त्यांनी उदाहरण घेतलं होतं घसा दुखणाऱ्या माणसाचं.

परत पुण्याकडे, पण गावाबाहेर. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिलाय. १९५४ मध्ये सरकारने स्थापलेली कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, देशाचं स्वतःचं पेनिसिलिन करण्यासाठी. आजचं पिंपरी-चिंचवड डोळ्यांसमोरून पुसून टाका. सभोवार माळ आहे. आत स्टीलच्या उंच टाक्यांत बुरशी वाढतेय, खालून निर्जंतुक हवा सोडलेली, मधोमध फिरणारी पाती, वर उबट आंबूस वास. इथल्या माणसांना धास्ती कशाची, ते विचारा. वाफेने टाकी नीट उकळली गेली नाही, एखाद्या झडपेतून हवेबरोबर चुकार जिवाणू शिरला आणि तो पेनिसिलिनेजवाला निघाला, तर बुरशी इमानेइतबारे पेनिसिलिन करत राहते आणि तो ते मोडत राहतो. पेनिसिलिनच्या कारखान्यात हा शत्रू रुग्णाच्या आधी भेटतो.

गंमत अशी की याच धंद्यात जिवाणूचा दुसरा एक एन्झाइम कामाला जुंपलाय. पेनिसिलिन ॲसायलेज. तो कड्याला हात लावत नाही, बाजूची शेपटी तेवढी छाटतो. उरलेल्या गाभ्याला नवी शेपटी जोडली की अमॉक्सिसिलिनसारखी औषधं होतात. पिंपरीपासून जवळच, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अर्चना पुंडले, सी. जी. सुरेश, एच. शिवरामन या मंडळींनी या कुळातल्या पेनिसिलिन व्ही ॲसायलेजची रचना परदेशी सहकाऱ्यांबरोबर उलगडली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. एक जिवाणू-एन्झाइम औषध घडवतो, दुसरा मोडतो. दोन्ही पाण्याच्याच रेणूने बंध तोडतात, फक्त जागा वेगळी.

नव्या शेपट्यांनी काही वर्षं दिलासा दिला. मग अथेन्समध्ये, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, एका रुग्णाच्या ई. कोलायमध्ये ॲम्पिसिलिन सहज मोडणारा एन्झाइम सापडला. त्याला टेम म्हणतात, रुग्णाच्याच नावातली अक्षरं घेऊन. तेव्हा असल्या बाबतीत फारसा संकोच नव्हता. नाओमी दत्ता आणि कोंटोमिखालू यांनी १९६५ मध्ये त्याबद्दल लिहिलं, आणि खरी घाबरवणारी गोष्ट एन्झाइमापेक्षा त्याच्या जनुकाची होती. ते जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नव्हतं. प्लाझ्मिडवर होतं, डीएनएच्या सुट्या कड्यावर. दोन जिवाणू एकमेकांना भिडले की त्याची नक्कल इकडून तिकडे जाते, आणि जात वेगळी असली तरी चालतं. म्हणजे आता एखाद्या जंतूला वंश वाढवून ही करामत पसरवायची गरज उरली नाही. शेजाऱ्याला दिली की झालं.

इथे पुन्हा पत्त्यावरचे ते १२५ आठवा. बीचम कंपनीचे शास्त्रज्ञ मातीतले सूक्ष्मजीव धुंडाळत होते, बीटा-लॅक्टमेजला अडवणारं काहीतरी शोधत. ते मिळालं स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस या जिवाणूत. क्लॅव्ह्युलनिक ॲसिडमध्येही तेच ताणलेलं कडं आहे, म्हणून एन्झाइम ते आनंदाने धरतो. पण एकदा उघडल्यावर हा रेणू आतल्या आत असा बदलत जातो की पाण्याचा घोटही त्याला उतरवू शकत नाही. एन्झाइम कायमचा अडकतो आणि तेवढ्यात अमॉक्सिसिलिन भिंत गाठतं. १९८१ मध्ये ही जोडी ब्रिटनच्या बाजारात आली. आणि ते स्ट्रेप्टोमायसिस म्हणजे कोण? पहिल्या सरीनंतर मातीला जो वास सुटतो, त्यातला मुख्य रेणू, जिओस्मिन, हेच घराणं करतं. केनवडच्या शिवारात आज सकाळी तुमच्या नाकात शिरला तो.

मुंबई, २००९. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलची प्रयोगशाळा. टेबलावर काचेची बशी, त्यात गवताच्या फिकट रंगाचं आगर, वर रुग्णाच्या जंतूंची दाट साय. तिच्यावर कागदाच्या सहा मिलिमीटरच्या टिकल्या ठेवल्यात, प्रत्येकीत वेगळं औषध. रात्रभर उबेत ठेवून सकाळी बघायचं: औषध लागू असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल मोकळा पडतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, काही नाही. साय टिकलीला भिडलेली. सेफोटॅक्सिम, काही नाही. आता इमिपेनेमची टिकली बघा. कार्बापेनेम, सगळं संपल्यावर काढायचं राखीव औषध. तिच्याभोवतीही साय.

अशा वेळी प्रयोगशाळेत एक युक्ती करतात. टिकलीवर ईडीटीए घालतात. ते औषध नव्हे, धातूंचे अणू पकडून ठेवणारं रसायन. आणि सकाळी इमिपेनेमभोवती गोल उमटलेला! म्हणजे जंतूचा एन्झाइम धातूवर चालत होता आणि धातू काढून घेतल्यावर हतबल झाला. हे दुसरंच घराणं, सेरीनशी नातं नसलेलं. इथे औषधाला धरून ठेवायची पायरीच नाही. जस्ताचे दोन अणू पाण्याच्या रेणूला असे धारदार करून ठेवतात की तो थेट कड्यावर घाव घालतो. घास अडकतच नाही, म्हणून अडकवायला पाठवलेल्या क्लॅव्ह्युलनिक ॲसिडचंही इथे काही चालत नाही.

ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात हिंदुजात कार्बापेनेमला न जुमानणारे असे २४ जंतू वेगळे काढले गेले. जनुक तपासलं तेव्हा २२ मध्ये एनडीएम-१, म्हणजे 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', निघालं. पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी ते मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात छापलं. त्यावर देशात विशेष गाजावाजा झाला नाही. ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांवरच्या नियतकालिकात तोच विषय आला, आणि नावातल्या 'न्यू दिल्ली'वरून संसदेपर्यंत वादळ उठलं. हे जनुक आधी २००८ मध्ये सापडलं होतं, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात, त्यावरून ते नाव. नावाचा राग समजण्यासारखा होता. पण त्या रागात मुंबईच्या डॉक्टरांनी पाच महिने आधी शांतपणे लिहिलेलं कोणाला आठवलं नाही, याची मला जास्त चुटपुट लागते. पुढच्या वर्षी दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी दोन नमुन्यांत ते जनुक मिळालं, तेव्हा प्रश्न हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर कधीच गेला होता हे स्पष्ट झालं.

आता आजच्या रात्रीत या. गाव कुठलंही धरा. मोठं हॉस्पिटल, अतिदक्षता विभाग, मूत्रमार्गाचा संसर्ग रक्तात उतरलेला एक रुग्ण. कल्चर पाठवून दोन दिवस झालेत. डॉक्टर फोन कानाला लावून उभ्या आहेत, पलीकडे प्रयोगशाळेतला मुलगा.

"क्लेबसिएला आहे मॅडम. मेरोपेनेम रेझिस्टंट."

"कोणतं निघालं? सेरीनवालं की झिंकवालं?"

"दोन्ही. एनडीएम आहे, शिवाय ओएक्सए-४८ सारखं."

डॉक्टर क्षणभर गप्प. कोलिस्टिन आहे हाताशी, पण मूत्रपिंडाला झोंबतं म्हणून मागे पडलेलं ते जुनं औषध, आणि या रुग्णाचं क्रिएटिनिन आधीच वाढलंय. ॲझ्ट्रिओनॅम हे एकच बीटा-लॅक्टम जस्ताच्या एन्झाइमांना सहसा मोडता येत नाही. पण सेरीनवाल्यांपैकी बरेच त्याचा फडशा पाडतात. सेरीनवाल्यांना गच्च धरून ठेवतं ॲव्हिबॅक्टम, आणि इथे ते मिळतं सेफ्टाझिडिमबरोबर एका बाटलीत. त्यातलं सेफ्टाझिडिम जस्तवाला एन्झाइम मोडून टाकणार, ते फुकटच जाणार, पण घ्यावं तर लागणारच.

"सिस्टर, स्टोअरला विचारा, सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम किती आहेत? आणि ॲझ्ट्रिओनॅम? दोन्ही एकाच वेळी लावायचीत, एकामागून एक नाही."

नर्स स्टोअरचा नंबर फिरवते. ॲझ्ट्रिओनॅमच्या सहा बाटल्या आहेत. दुसरं सकाळी आठला येईल म्हणतात.